वहिनींचा चीक आणि माझा अंगठा

आमची बिल्डिंग पहाटे घसा खाकरते.

गच्चीवरच्या टाकीतून पाणी उतरू लागलं की जुन्या लोखंडी पाइपातून आधी एक लांब उसासा येतो. मग दोन-तीन ढेकरा, मग भिंतीच्या पोटात काहीतरी गडगडत खाली जातं, आणि मग कुणाच्या तरी नळाला पाणी येतं. मी अंथरुणात पडून हे ऐकत असतो. डोळे मिटलेले, थोडी झोप अजून शिल्लक. सायली गावाकडच्या कारखान्यांची घरघर लांबून येत असते, पहिल्या पाळीच्या बसगाड्या नाक्यावर हॉर्न देत असतात आणि उशाशी, भिंतीच्या आत, ही नदी. सिल्वासात दमणगंगा आहे, मोठी आहे, पण ती माझ्या उशाशी येत नाही.

मी मराठी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे पडल्या पडल्या डोळ्यांपुढे नकाशा उमटतो. गच्चीवर उगम. तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी, गुजराती काका. दुसऱ्यावर आम्ही दोघं, मी आणि बायको. पहिल्यावर खानदेशातल्या वहिनी, त्यांचे कारखान्यात पाळ्या करणारे यजमान आणि लग्नाची मुलगी. तळमजल्यावर कुणाचं तरी गोदाम, तिथे नळच नाही. म्हणजे नदीचं मुख वहिनींच्या स्वयंपाकघरात. जन्मभर मुलांना नद्या शिकवल्यामुळे आपल्याला पाण्यातलं काही कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता.

या नदीची एक खोड आहे. पाइप आतून गंजून गंजून इतका बारीक झालाय की पहिल्या मजल्यावर कुणी नळ पूर्ण सोडला की आमच्या नळाची धार आधी करंगळीएवढी होते, मग दोऱ्याएवढी, आणि मग नळ नुसता फुसफुसतो. खालच्यांनी नळ बंद केला की आमचं पाणी परत येतं, आणि येतं ते धावत येतं, हातातलं भांडं उडवत. बिल्डिंगमधलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. मीही जाणत होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. माझ्या लक्षात राहिलं नाही, म्हणून तर हे सगळं झालं.

उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती. एका सकाळी वहिनी वर आल्या आणि दारातच पदर बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"भाऊ, एक सांगायचं होतं. राग नका मानू."

"बोला ना, वहिनी. आत तरी या."

"तुमच्या वट्याखालचं पाणी माझ्या गॅसवर टिपकू राहिलं."

वटा म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. आमच्या ओट्याखाली भिंतीतून पाइप बाहेर येतो आणि त्यावर एक पितळी कॉक आहे. म्हणजे होता. घरातलं पाणी बंद करायचा तो कॉक. तो फिरवून कुणी कधी पाहिला नव्हता आणि त्याच्या मानेतून थेंब थेंब पाणी गळतं, हे मी पाहिलं होतं. त्याखाली मी एक वाटी ठेवली होती आणि प्रश्न सोडवल्याच्या समाधानात होतो. वाटी भरली की तिच्या काठावरून पाणी कुठे जातं, हा विचार भूगोलाच्या माणसाने करायला हवा होता.

"कधीपासून टिपकतंय?" बायकोने विचारलं.

"संक्रांतीपासून."

"अहो, मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"मी बी वाटी ठेवेल होती ना, ताई. भरली का फेकते. पण आता वाटीनं भागायचं नाही. गहू भिजू घातला."

मी मूळचा तळकोकणातला. आमच्याकडे तांदूळ भिजतो, पोहे भिजतात, पावसात माणसं भिजतात. गहू भिजवला तर त्यात एवढं काय, असं माझ्या तोंडावर येतंय तोच बायकोने कोपराने ढोसलं. तिला या बायकांच्या संगतीत सगळं कळायला लागलं होतं. मग वहिनींनी मला, शाळेतल्या मंद मुलाला सांगावं तसं, सावकाश सांगितलं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचा, पिळून त्याचा चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि सकाळी उजाडायच्या आत मोठ्या पातेल्यात शिजवायचा. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. त्या कुरडया. मुलीच्या रुखवतात मांडायच्या.

"आणि त्या पांढऱ्या पाहिजेत," वहिनी म्हणाल्या. "दुधासारख्या."

मग त्यांनी त्याचं कारण सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात, घाईघाईत, कुरडया लालसर निघाल्या होत्या. सासूबाईंनी रुखवतातली एक उचलून उजेडासमोर धरली आणि बायकांना दाखवली. त्यानंतर दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तळण काढताना, "आण वं, तुझ्या माहेरच्या लाल कुरडया," हे ठरलेलं. म्हातारी गेली तोवर.

"माझ्या पोरीले हे ऐकायचं काम नको, भाऊ. तिची सासू भारी चौकस आहे. आणि तुमचं पाणी गंजाचं. चिकात एक टिपकं पडलं का झालं."

"शेगडी गॅलरीत घेतली तर?" बायको म्हणाली.

"वारा लागतो. जाळ एकसारखा नसला का गुठळ्या होतात. आतली खोली रुखवतानं भरेल आहे, पाय ठेवायला जागा नाही."

"वहिनी," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "तुमचा चीक स्वयंपाकघरातच शिजेल. वरून थेंब येणार नाही. माझा शब्द."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून ती माझ्या शब्दाकडे असंच पाहत आली आहे.

मी प्लंबरला बोलावलं; तो दोन दिवसांनी उगवला. त्याने ओट्याखाली वाकून टॉर्च मारला आणि तो हात पाठीमागे बांधून उठला, देवळात सोवळ्यातल्या मूर्तीसमोरून उठावं तसा. "साहब, इसको मैं छूता नहीं. एक आटा घुमाया तो पूरी लाइन मेरे गले पड़ेगी. पहले टाकी उतारो, फिर बुलाओ."

टाकी उतरवणं ही आमच्या बिल्डिंगची रीत आहे. गच्चीवर टाकीच्या बुडाशी एक मोठा व्हॉल्व्ह आहे, पण तो नुसता फिरतो, बसून पाणी पूर्ण अडवत नाही. म्हणून पाइपाचं काही काम निघालं की एक दिवस ठरतो. त्या दिवशी सगळी घरं गोधड्या, पडदे, चादरी, जिने धुवायला काढतात, टाकी रिकामी होते आणि मगच प्लंबर पाना काढतो. त्या दिवशी बिल्डिंग ओल्या कपड्यांनी अशी झाकून जाते की लांबून बघणाऱ्याला ती शिडं लावलेलं गलबत वाटावी.

मी तिसऱ्या मजल्यावर काकांकडे गेलो.

"उद्या नाय, मास्तर. उद्या आपल्याकडे सत्यनारायण. एवढी माणसं येणार, पाणी पाहिजे ने? रविवारे करू."

"पण वहिनींचा चीक परवा सकाळी आहे, काका."

"तो रविवारे शिजवा!"

चीक रविवारपर्यंत थांबत नाही, आंबतो, हे माझं ताजं ज्ञान मी त्यांना ऐकवलं. काकांनी मान हलवली. "तर मग छत्री धरा," म्हणाले.

अशा वेळी शहाणा माणूस घरी येऊन गप्प बसतो. मी बाजारात जाऊन नवा कॉक आणला, एक पाना आणला, पांढरी टेप आणली आणि त्या तिन्ही वस्तू ओट्यावर मांडून त्यांच्याकडे बराच वेळ प्रेमाने पाहिलं. चीक शिजायच्या आधी, भल्या पहाटे, गच्चीवरचा व्हॉल्व्ह आवळायचा, कॉक बदलायचा, व्हॉल्व्ह सोडायचा. वहिनींनी शेगडी पेटवायच्या आत सगळं कोरडं.

त्या पहाटे काकांनी डोळे चोळत गच्चीचं कुलूप काढून दिलं. बंडीवर, एका हातात दातवण, ते टाकीला टेकून उभे राहिले. अजून उजाडायचं होतं. खानवेलच्या बाजूचे डोंगर धुरकट दिसत होते, त्यांच्या अलीकडे कारखान्यांचे दिवे, आणि हवा अशी अडून बसलेली की आवाज केला तर तिला धक्का लागेल असं वाटावं. मी व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी धरून फिरवलं. ते फिरलं, फिरलं आणि एका जागी घट्ट थांबलं.

"बसला, काका!"

"ए तो बसतो नाय," काका दातवण काढून म्हणाले. "त्याला बसल्यासारखं वाटतं फक्त."

मी ऐकलं नाही. खाली येऊन मोठ्या दिमाखात स्वयंपाकघरातला नळ सोडला. धार आली, बारीक झाली, दोऱ्याएवढी झाली, थांबली. नळ फुसफुसला.

"बघ," मी बायकोला म्हणालो.

बायको बघत होती. मी पाना लावला, जोर केला, आणखी जोर केला. काहीतरी कटकन मोडलं आणि जुना कॉक अख्खा माझ्या हातात आला. त्याची मोडकी कडी पाइपाच्या तोंडातच राहिली होती, पण ती मला तेव्हा दिसली नाही. मला दिसत होतं ते पाइपाचं कोरडं तोंड. एक थेंब नाही. मी कॉक हातात धरून, ओट्याखाली मांडी घातलेल्या अवस्थेतच, बायकोला नदी या विषयावर थोडं सांगितलं. उगमाशी पाणी अडवलं की मुखाशी काय होतं, वगैरे.

त्याच वेळी आमच्या बरोबर खाली वहिनी चिकाच्या आधणासाठी मोठं पातेलं भरत होत्या. नळ पूर्ण सोडून. पातेलं भरलं. त्यांनी नळ बंद केला.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला ते तोंडावर कळलं.

पाणी आधी लाल आलं, मग काळं, मग परत लाल. चष्मा गेला. मी आंधळ्यासारखा चाचपत पाइप शोधला आणि सुचलं ते केलं, उजव्या हाताचा अंगठा तोंडात खुपसला. पाइपाच्या तोंडात. पाणी थांबलं. बाजूने दोन बारीक कारंजी उडत होती, अंगठा जरा वळवल्यावर तीही थांबली.

खालून मुलीची किंकाळी ऐकू आली. "आई! वरून आलं!"

बायको पळत खाली गेली आणि पळतच वर आली. सांगितलं ते असं. पहिल्या लोंढ्यातलं थोडं पाणी फटीतून शेगडीच्या कडेला पडलं, पण आधणात नाही. मुलीने चपळाईने छत्री उघडून पातेल्यावर धरली आहे. आधण उकळतंय, वहिनींनी चीक ओतायला घेतलाय, आता मागे फिरता येत नाही. आणि वहिनी म्हणाल्यात, भाऊंना सांगा, काही करा पण पाणी सोडू नका.

आम्ही इतर उपाय केले, नाही असं नाही. फडक्याचा बोळा कोंबला, तो गोफणीतल्या दगडासारखा समोरच्या डब्यांवर आदळला. लाटण्याचं टोक लावलं, ते मोडक्या कडीपलीकडे जाईना. नवा कॉक तर त्या कडीमुळे आट्यांना शिवेचना. प्रत्येक प्रयोगाला घरात थोडा पूर आणि खाली एक "आई!" तिसऱ्या "आई"नंतर मी जाहीर केलं की आता अंगठा हलणार नाही. चीक शिजून पातेलं उतरेपर्यंत नाही.

"घाणे किती आहेत?" मी विचारलं.

"बरेच," बायको म्हणाली. तिने माझा चष्मा पुसून मला घातला, पाठीला उशी लावली आणि ती चीक हलवायला खाली गेली. चीक हलवायला दोन बायका लागतात, आणि मुलीच्या हातात छत्री होती.

मग घरात मी एकटा. ओट्याखाली, गारेगार फरशीवर, लाल पाण्यात बसलेला, अंगठा भिंतीत.

सुरुवातीला अंगठा दुखला. मग बधिर झाला. आणि मग, कसं सांगू, तो ऐकायला लागला.

जुन्या लोखंडाला नाडी असते. मला आधी वाटलं ती माझीच. पण माझी एका लयीत होती आणि ही दुसरीच, मंद, मधेच दचकणारी. वर काकांनी नळ सोडला की अंगठ्याखालचं पाणी मागे सरायचं, कुणीतरी आत श्वास घ्यावा तसं. ते चूळ भरत होते हे मला कळलं, कारण पाणी थोडं थोडं सरकून थांबत होतं. मग एक लांब, शांत ओढ. ती देवांची आंघोळ असणार. काकांचे देव पितळी, त्यांना भरपूर पाणी लागतं. खाली वहिनींनी हात धुतले तर पाणी एकदम हलकं व्हायचं, अंगठ्यावरचा सगळा भार जायचा, वाटायचं आता हात काढला तरी चालेल. आणि त्यांनी नळ मिटला की ते परत यायचं, बोटाला ढुशी मारत, गोठ्यातल्या वासरासारखं.

खिडकीतून ऊन आलं. ते डब्यांवर पडलं, मग फरशीवरच्या लाल पाण्यात उतरलं आणि छतावर हलायला लागलं. मी तिकडे बघत राहिलो. खालून पळीचा आवाज येत होता, घट्ट, ओला, एकसारखा, आणि त्याबरोबर चीक शिजल्याचा वास, दुधाचा नाही, भाताचा नाही, दोन्हींच्या मधला. बायकांचं बोलणं पाइपातून यायचं, शब्द न येता नुसती चाल यायची. मी लहान होतो तेव्हा आगरात पाटाचं पाणी यायचं. आमच्या वाट्याचा वेळ संपला की शेजारचे ओरडायचे आणि पाणी वळवायला कुणी नसेल तर मी पाटात बसायचो, माती आणायचा कंटाळा म्हणून. माझ्या अंगाने पाणी अडायचं, फुगायचं आणि त्यांच्या पोफळींच्या मुळांकडे वळायचं. पोफळीच्या सावल्या अंगावरून जायच्या. तिथेच मी झोपून जायचो. आई येऊन म्हणायची, धोंडा तरी उठला असता.

मला वाटतं मी इथेही झोपलो. डोळे उघडले तेव्हा दारात काका उभे होते, आता सदरा घालून, कपाळाला गंध.

"अरे मास्तर, आ शुं कर्युं? काय केलं हे?"

"व्हॉल्व्ह बसला नव्हता, काका."

"ते मी बोललो होतो ने?" त्यांनी ओट्याखाली वाकून माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुटणार नाय ने?"

"चीक उतरेपर्यंत नाही."

काका कमरेवर हात ठेवून सरळ झाले. मग म्हणाले, "मी वर नळ बंद ठेवतो. तुमच्यावर जोर आला तर आला, पण हलणार नाय पाणी. हललं का अंगठा सरकतो." आणि ते गेले. त्यानंतर वरून खरंच काही हललं नाही. पाणी अंगठ्यावर नुसतं टेकून राहिलं, झोपलेल्या माणसाचं डोकं खांद्यावर राहावं तसं जड.

मग बायको आली. तिच्या केसांना वाफ, गालाला चीक, हातात वाटी. "पहिला घाणा साच्यात गेला," ती म्हणाली. "काय पांढरा झालाय, अहो! वहिनींनी हा तुम्हाला दिलाय. तेल-तिखट घालून."

"हात कुठाय मला?"

डावा होता. पण ते तिच्याही लक्षात आलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही. ती पदर खोचून ओट्याखाली माझ्याशेजारी बसली आणि तिने मला भरवलं. लग्नात घास भरवला होता, तेव्हा भोवती शंभर माणसं होती आणि तिने तो घाईने कोंबला होता. हा तसा नव्हता. चीक गरम होता, जिभेला चिकटत होता, ती फुंकर घालून एकेक घास देत होती आणि मधेच हसत होती.

"काय झालं?"

"काही नाही. बसा असेच."

ती परत खाली गेली. मग गच्चीवर चढणारी पावलं, जिन्यातून साच्याचा खणखणाट, मुलीचं हसणं. घाणे शिजत राहिले, वर जात राहिले. मला गच्ची दिसत नव्हती तरी दिसत होती: जुन्या पांढऱ्या साड्या पसरलेल्या, त्यांवर कुरडयांची गोल गोल नक्षी, आणि वर ऊन. माझ्या अंगठ्याच्या एका बाजूला ही सगळी टाकी आणि दुसऱ्या बाजूला ते सगळं पांढरं.

शेवटी वहिनी स्वतः आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकाचे. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, झालं. उतरलं पातेलं. सोडा आता."

"लाल नाही ना झाली एकही?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग मला बघून त्यांना हसू आलं. माझा चेहरा, शर्ट, केस, सगळं गंजाने लाल झालं होतं. "तुम्हीच तेवढे झाले," त्या म्हणाल्या.

दुपारी टाकी उतरवली. सत्यनारायणाची सतरंजी, आमच्या गोधड्या, वहिनींची चिकट पातेली, सगळं धुतलं गेलं. प्लंबर काम करायला कमी आणि अंगठा बघायला जास्त आला. त्याने मोडकी कडी काढली, नव्या कॉकला सूत आणि सफेदा लावून तो बसवला आणि मला सांगितलं, "साहब, अब इसको रोज़ थोड़ा घुमाना. और कुछ मत घुमाना."

लग्न वहिनींच्या गावी झालं. आम्ही दोघं गेलो. मांडवात रुखवत मांडलं होतं आणि मधोमध परातीत त्या कुरडया, रचून, मोगऱ्याच्या गजऱ्यासारख्या. विहीणबाई आल्या. त्यांनी खरोखर एक उचलली आणि उजेडासमोर धरली. माझा अंगठा आपोआप आवळला गेला. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली, बायका बघत होत्या, वहिनी पदराचं टोक चावत होत्या.

"पांढऱ्या तर आहेत," विहीणबाई शेवटी म्हणाल्या. आणि काहीतरी म्हणायलाच हवं म्हणून, "पण केवढुशा पाडल्या वं!"

"लहानच पाडल्या, विहीणबाई," वहिनी म्हणाल्या. इतकं गोड हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तळल्या का फुलतात."

परतीच्या बसमध्ये खिडकीतून वारा येत होता, डोळे मिटत होते. बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "एक सांगू? रागवू नका."

अशी सुरुवात झाली की आमच्या घरात काहीतरी टिपकत असतं.

"त्या दिवशी वहिनींनी त्यांचा नळ सोडून ठेवला असता ना, तर आपल्याकडे थेंबही आला नसता. सकाळी येतच नाही ना, तसा."

मी उठून बसलो. नदीचा अख्खा नकाशा डोळ्यांपुढून गेला, उगमापासून मुखापर्यंत. "हे तुला कधी सुचलं?"

"दुसऱ्या घाण्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"चीक पळीखाली होता हो. तेव्हा बोलले असते तर तुम्ही ओट्याखालून व्याख्यान सुरू केलं असतं, काका खाली आले असते, वहिनी नळाशी गेल्या असत्या. चीक थांबतो का?" तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. "आणि तुम्ही इतके छान गप्प बसला होतात. म्हटलं, असू दे."

ती झोपली. मी बराच वेळ जागा होतो. खांदा जड झाला होता, पण मी हललो नाही. त्याची मला आता सवय झाली होती.

नवा कॉक गळत नाही. प्लंबरने सांगितल्याप्रमाणे मी तो रोज पहाटे थोडा फिरवतो. ओट्याखाली वाकलोच आहे तर पाइपावर अंगठाही ठेवतो, उगाच. बिल्डिंग घसा खाकरते. वर काका चूळ भरतात. मग खाली वहिनी नळ सोडतात, त्यांच्या घरात आता मुलीचा आवाज नाही, आणि माझ्या बोटाखालचं पाणी हळूच हलकं होत जातं.